पुराभिलेख, दक्षिण कोकणातील

पुराभिलेख, दक्षिण कोकणातील : वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ, मालवण व त्यांच्या आसपासचा मुलूख, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग जिल्हा, यासंबंधीची ऐतिहासिक पत्रे, सनदा, हिशेबाची दप्तरे, छायाचित्रे व चित्रपोथ्या आणि ती जेथे जतन करण्यात आली आहेत ते संग्रह. या प्रदेशाच्या पुराभिलेखांचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे ते एका ठिकाणी नाहीत. त्यांचा काही भाग पुण्यास, काही मुंबईस, काही कोल्हापुरास, तर काही गोव्यात आहे. आणि पिंगुळीसारख्या गावी तो ठाकर कुटुंबांच्या घरी पोथीच्या रूपाने राहिला आहे. लिपी व भाषाही भिन्न आहेत : मोडीतील मराठी, पोर्तुगीज, डच, इंग्रजी आणि पिंगुळीच्या बाबतीत केवळ चित्र. त्यामुळे या प्रदेशाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आधी कागद कोठे आहे हे शोधावे लागते आणि तो सापडल्यावर वाचावा कसा, हा प्रश्न उभा राहतो.

पार्श्वभूमी : सतराव्या शतकापासून या भागात अनेक सत्तांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले होते. सावंतवाडीचे सावंत-भोसले हे येथील प्रमुख संस्थानिक. त्यांचा संबंध प्रथम विजापूरच्या आदिलशाहीशी, पुढे छत्रपती शिवाजी महाराज, कोल्हापूरकर छत्रपती, पेशवे, गोव्याचे पोर्तुगीज व शेवटी इंग्रज यांच्याशी आला. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. पुढे तो कोल्हापूरकरांच्या ताब्यात होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो काही काळ घेतला व १८१२ च्या तहाने मालवण कायमचे त्यांच्याकडे गेले. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डचांची वखार होती. पेडणे, डिचोली व सत्तरी हे सावंतवाडीकडील महाल १७८० नंतरच्या दशकात पोर्तुगिजांकडे गेले. सावंतवाडीने १८१९ मध्ये इंग्रजांशी तह केला आणि १८३८ मध्ये संस्थानचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले व १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. सत्ता बदलली की दप्तराचा धनी बदलतो आणि पुष्कळदा दप्तराचे ठिकाणही बदलते. या प्रदेशाचे कागद विखुरले गेले याचे मूळ कारण हेच होय.

कागदपत्रांचे प्रकार : मराठी अमदानीतील कागदपत्रांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग राजकीय पत्रव्यवहाराचा. आज्ञापत्रे, तह, करारमदार, वकिलांची पत्रे व बातमीपत्रे यांचा त्यात समावेश होतो. दुसरा वर्ग हक्काच्या कागदांचा. इनाम, वतन किंवा देवस्थानाची नेमणूक देणारी सनद, रयतेस अभय देणारा कौलनामा, गोतसभेचा निवाडा नमूद करणारा महजर आणि वतनाची हकीकत सांगणारा करीना हे कागद या वर्गात येतात. तिसरा वर्ग हिशेबाचा. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द, वर्षाचा ताळेबंद, गावझाडा व निरनिराळ्या यादी हे त्याचे नमुने होत. राजकीय पत्रे संख्येने थोडी असली, तरी इतिहासकारांचे लक्ष प्रथम त्यांच्याकडे गेले. सामान्य माणसाचे जीवन मात्र दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील कागदांतच अधिक आढळते. देवळाच्या उत्सवात कोणत्या मानकऱ्याने कोणती सेवा करावयाची, तिच्याबद्दल त्यास काय मिळावयाचे, भात व नारळ यांचा दर काय, बंदरात कोणता माल उतरला, यांची उत्तरे त्यांतूनच मिळतात.

पत्राची घडण ठराविक असे. शिरोभागी मायना, वर किंवा बाजूस मुख्य शिक्का, अखेरीस लेखन संपल्याची खूण म्हणून मोर्तबाचा लहान शिक्का, अशी साधारण रीत होती. मोर्तब असल्यामुळे पत्राच्या शेवटी मागाहून मजकूर वाढविता येत नसे. अस्सल व बनावट सनद ओळखताना अभ्यासक आजही शिक्क्याची जागा, मायना व अक्षराचे वळण यांकडे प्रथम पाहतात.

कालगणना : जुन्या कागदांतील तिथी ही नवशिक्यास सर्वांत अवघड जाणारी बाब. अनेक पत्रांवर शुहूर सन अरबी अंकशब्दांनी लिहिलेला असतो व त्यात एकम आधी, मग दहम, शतम व सहस्र असा क्रम असतो. उदा., ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. वरील सन १७६०–६१ चा येतो व पानिपतचा संग्राम (१४ जानेवारी १७६१) त्यात पडतो. याच पत्रात ‘छ’ या अक्षरापुढे येणारा आकडा हा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. पुष्कळ पत्रांत चंद्र आहे, पण सनच नाही, असेही आढळते. अशा वेळी मजकुरातील व्यक्ती व घटना यांवरून वर्ष ठरवावे लागते. एका वर्षाची चूक झाली, तरी कार्यकारणाचा क्रम उलटा होतो. त्यामुळे तिथी ठरविणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य मानले जाते.

प्रमुख संग्रह : (१) पुणे येथील पुरालेखागार : पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) इंग्रजांच्या हाती आलेली दप्तरे येथे आहेत. इनामांच्या चौकशीसाठी नेमलेल्या इनाम कमिशनला जुन्या कागदांची गरज भासली व त्या निमित्ताने ती एकत्र आली. हक्क तपासण्यासाठी, आणि पुष्कळदा ते काढून घेण्यासाठी, जमविलेले हे कागद पुढे इतिहासाचे सर्वांत मोठे मराठी साधन ठरले. कापडात बांधलेल्या गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणतात. येथील पेशवे दप्तराच्या रुमालांची संख्या तीस हजारांहून अधिक आहे. त्यांतील निवडक कागद ⇨ गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) यांच्या संपादनाखाली १९३०–३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. एकूण राशीच्या मानाने हा अंश फार अल्प आहे.

(२) मुंबई येथील पुरालेखागार : मुंबई सरकारचे हे अभिलेख-कार्यालय १८२१ मध्ये स्थापन झाले. सध्या महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाचे हे मुख्य ठाणे असून ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. कंपनीच्या वखारींचा पत्रव्यवहार, रोजनिश्या, तसेच संस्थानांच्या राजकीय कारभारासंबंधीची इंग्रजी कागदपत्रे येथे मिळतात. सावंतवाडी व मालवण यांच्या एकोणिसाव्या शतकातील घडामोडी, विशेषतः १८४४ चा उठाव, समजून घेण्यास असे इंग्रजी कागद अपरिहार्य आहेत. मात्र ते राज्यकर्त्यांच्या बाजूने लिहिलेले असल्याने मराठी कागदांशी ताडून पाहावे लागतात.

(३) कोल्हापूर येथील पुरालेखागार : कोल्हापूर संस्थानची दप्तरे येथे आहेत. मालवण व सिंधुदुर्ग किल्ला दीर्घ काळ कोल्हापूरकरांकडे असल्याने किनाऱ्याच्या इतिहासासाठी त्यांचे महत्त्व आहे.

(४) गोवा पुराभिलेखागार : पोर्तुगीज राजाच्या आज्ञेने १५९५ मध्ये गोव्यात अभिलेखागार स्थापन झाले व इतिहासकार द्योगु दु कोतु हा त्याचा पहिला अभिलेखपाल होय. पावसाळी वाऱ्यांच्या ऋतुमानानुसार लिस्बनशी ये-जा करणाऱ्या जहाजांतून चाललेल्या पत्रव्यवहाराचे ग्रंथ आणि शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची मालिका हे येथील अमोल धन आहे. सावंतवाडीकर भोसल्यांचा उल्लेख या कागदांत ‘बोंसुलो’ असा येतो. मोडीतून आलेल्या पत्रांचा पोर्तुगीज तर्जुमा दरबारचे दुभाषे करीत. मूळ पत्र नाहीसे झाले व तर्जुमाच उरला, असेही घडले आहे. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी सुमारे तीन दशके या संग्रहाची धुरा वाहिली व मराठे-पोर्तुगीज संबंधांचा अभ्यास त्यातील अस्सल कागदांच्या पायावर उभा केला.

(५) परदेशांतील संग्रह : वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात हेग येथे, तर इंग्रजांच्या राजापूर वखारीसंबंधीचे कागद लंडन येथे आहेत. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती पडला, तेव्हा तेथील दप्तर नष्ट झाले, असे मानले जाते. त्यामुळे शिवकालासाठी या परकी वखारवाल्यांच्या पत्रांना विशेष मोल आले. त्यांतील निवडक इंग्रजी कागद पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले.

(६) संशोधनसंस्था व ग्रंथालये : सरकारी दप्तरांबाहेरचे, सरदार-इनामदारांच्या वाड्यांतले कागद वाचविण्याचे श्रेय खाजगी संशोधकांस आहे. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगाव पायी हिंडून ते मिळविले आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचे बावीस खंड काढले. १९१० मध्ये त्यांनी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंदिर त्यांच्या मृत्यूनंतर उभे राहिले. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर, तर द. ब. पारसनीस यांनी मेणवलीचे नाना फडणीसांचे दप्तर व इतर संग्रह प्रकाशात आणले. कोकणात १८२८ मध्ये रत्नागिरीस वाचनालय सुरू झाले व पुढे सावंतवाडीसही वाचनमंदिर निघाले. जुनी वृत्तपत्रे, स्थानिक स्मरणिका, पोथ्या आणि छायाचित्रे अशा ग्रंथालयांच्या कपाटांत राहिली आहेत. त्यांची सूची जेथे झालेली नाही, तेथे ती असून नसल्यासारखी आहेत.

छायाचित्रे : मुंबईस १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. भाऊ दाजी लाड (मृ. १८७४) व त्यांचे बंधू नारायण दाजी हे या कलेच्या आरंभीच्या एतद्देशीय उपासकांपैकी होत. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक छापे अंड्याच्या पांढऱ्या बलकात चांदीचे क्षार मिसळून सिद्ध केलेल्या कागदावर काढलेले असत. प्रकाश व दमटपणा यांनी ते पिवळे पडतात. काचेवरील व्यस्तचित्रांचा थर उष्ण व दमट हवेत सुटतो किंवा त्यावर बुरशी चढते. तथापि छायाचित्राची खरी हानी पुष्कळदा रसायनाने होत नाही, ती नावाअभावी होते. मंडळी कोण, स्थळ कोणते, साल कोणते, ही नोंद पाठीमागे नसेल, तर ओळखणारी पिढी गेल्यावर चित्र शाबूत असूनही ते मुके होते. म्हणून घरच्या वृद्धांकडून नावे विचारून ती मऊ शिसपेन्सिलीने कडेस लिहून ठेवणे, हे छायाचित्रसंग्रहाचे पहिले काम समजावे.

पिंगुळीच्या चित्रपोथ्या : कुडाळजवळील पिंगुळी हे गाव ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या व चित्रकथी यांसाठी प्रसिद्ध आहे [→ चित्रकथी]. चित्रे दाखवून कथा सांगण्याची प्रथा प्राचीन असून बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. पिंगुळीच्या कलावंतांना सावंतवाडीकरांचा आश्रय होता व देवळांच्या उत्सवांत कथा सादर करण्याचे काम त्यांच्याकडे असे.

एका कथेच्या चित्रसंचास ‘पोथी’ म्हणतात. तीत साधारणपणे तीस ते पन्नास चित्रे असतात. हाती केलेल्या कागदावर ती रंगविलेली असून दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. त्यामुळे पान उलटताच पुढला प्रसंग समोर येतो. कथेकरी जमिनीवर बसून फळीला टेकलेले चित्र एकेक करून दाखवितो व वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर कथा गातो. विषय रामायण, महाभारत व लोकपरंपरेतील आख्याने यांतून घेतलेले असतात. पोथी असे नाव असूनही तीत कथेचा मजकूर नसतो. तो कथेकऱ्याच्या मुखात असतो व बापाकडून मुलाकडे जातो.

अभिलेखशास्त्राच्या दृष्टीने हा एक आगळा प्रकार आहे. सनदेचा अर्थ तिच्याच कागदावर असतो व मोडी जाणणारा कोणीही, कोठेही तो वाचू शकतो. चित्रपोथीचा निम्मा भाग मात्र कागदाबाहेर असतो. शिवाय जीर्ण झालेल्या पोथीचे पाण्यात विसर्जन करून नवी चित्रे काढावयाची, अशी परंपरा होती. पोथी ही कथेकऱ्याच्या दृष्टीने पूज्य वस्तू असल्याने तिचा शेवटही मूर्तीसारखाच होई. परंपरेला आपले सातत्य जुन्या कागदात नव्हे, तर हातात आणि गळ्यात दिसत होते. जोवर नवी पोथी रंगविणारे होते, तोवर यात काही बिघडले नाही. राजाश्रय संपून रात्रीच्या उत्सवांचे श्रोते इतर करमणुकीकडे वळल्यावर मात्र जुनी पोथी संपली आणि नवी झाली नाही, अशी अवस्था आली. काही पोथ्या फुटून त्यांची चित्रे सुटी विकली गेली. असे सुटे चित्र कलावस्तू म्हणून भिंतीवर शोभते, पण ते कोणत्या कथेतील कितवे, हे सांगणे तज्ज्ञासही कठीण जाते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रे जतन केलेली आहेत. हा संग्रह दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी व्यक्तिगत ध्यासातून उभारला व १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पैठण परिसरातून मिळालेल्या तत्सदृश चित्रांमुळे या शैलीस अभ्यासकांत ‘पैठण चित्रे’ असेही नाव पडले. वस्तू जेथून मिळाली त्यावरून शैलीचे नाव पडते, याचे हे उदाहरण होय. मूळ ठिकाणाची नोंद संग्रहात नीट झाली नाही, तर असे नाव पुढे इतिहास म्हणून रूढ होते. जर्मन विदुषी व्हालेंटिना श्टाखे-रोझेन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात पिंगुळीच्या चित्रांचा कथाकथनाच्या अंगाने अभ्यास केला. खुद्द पिंगुळीस परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गोठ्याच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय सुरू केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. येथे जुन्या चित्रांचे जतन व प्रत्यक्ष प्रयोग ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालतात. वर सांगितलेली अडचण ओळखून केलेली ही व्यवस्था आहे, हेच तिचे महत्त्व. शहरातील संग्रहालय कागद अधिक काळ टिकवू शकते, पण कथा टिकविण्याचे साधन गावातच आहे. यास्तव संपूर्ण पोथीच्या प्रतिमा क्रमाने घेणे, तिच्या कथेचे ध्वनिमुद्रण करणे आणि दोहोंची एकत्र नोंद ठेवणे, ही पद्धत अशा अभिलेखास योग्य ठरते.

ऱ्हासाची कारणे व जतन : मराठी कागदांची शाई काजळ व डिंक यांची असून लेखन बोरूने होई. ही शाई उजेडाने फिकट होत नाही. मात्र पाणी लागताच पसरते. पोर्तुगीज कागदांत बहुधा लोह व मायफळ यांपासून केलेली शाई आढळते. ती पाण्याने सहसा पुसली जात नाही, परंतु तिच्यातील आम्लाने कालांतराने कागदच खाल्ला जातो व अक्षरांच्या जागी भोके पडतात. म्हणजे पुण्याच्या रुमालास गळक्या छपराचे भय, तर गोव्याच्या ग्रंथास त्याच्याच शाईचे. कोकणच्या दमट हवेत दोहोंनाही बुरशी, कसर व वाळवी यांचा उपद्रव होतो. माळ्यावर ठेवलेले गाठोडे एका पावसाळ्यात लगदा होऊ शकते.

पूर्वी बुरशीच्या नाशासाठी थायमॉलची धुरी देत. आरोग्यास अपायकारक म्हणून तिचा वापर आता कमी झाला आहे. जीर्ण कागदास पातळ रेशमी वस्त्र किंवा तलम कागद चिकटवून बळकटी आणतात. सेल्युलोज ॲसिटेटचे पातळ पटल ॲसिटोनच्या साहाय्याने हाताने बसविण्याची पद्धत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली व यंत्राशिवाय होणारी असल्याने ती पुष्कळ ठिकाणी स्वीकारली गेली. पुढे हे पटल स्वतःच विघटन पावते, असे दिसून आल्याने सहज काढता येतील अशा खळीचा व जपानी तलम कागदाचा वापर श्रेयस्कर मानला जाऊ लागला. केलेली दुरुस्ती पुढील पिढीस उलगडता आली पाहिजे, हे आधुनिक जतनशास्त्राचे तत्त्व आहे. घरगुती संग्रहासाठी साधे नियम पुरेसे होतात : कागद जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावेत, घड्या उलगडाव्यात, चिकटपट्टी व टाचण्या वापरू नयेत, वर्षातून एकदा कोरड्या ऋतूत ते सावलीत हवेवर घालावेत.

सूक्ष्मपट व त्यानंतर आलेल्या संगणकीय प्रती यांमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी झाली आहे. तथापि प्रत म्हणजे वाचन नव्हे. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यास शालेय शिक्षणातून व व्यवहारातून गेली [→ मोडी लिपी]. पुराभिलेख विभाग व काही संस्था तिचे वर्ग चालवितात, परंतु न वाचलेल्या कागदांच्या मानाने वाचकांची संख्या थोडी आहे.

कायदेशीर तरतुदी : केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमानुसार १८९२ पूर्वीचा सार्वजनिक अभिलेख, तो उपयोगात येणार नाही इतका जीर्ण झाला असल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. महाराष्ट्राने २००५ मध्ये आपला स्वतंत्र अधिनियम केला. हे कायदे शासकीय दप्तरांस लागू आहेत. देवस्थाने, वतनदार घराणी, व्यापारी पेढ्या व कथेकरी कुटुंबे यांच्याकडील कागद त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांचे रक्षण सर्वस्वी धारकाच्या जाणिवेवर अवलंबून असते. घर पाडताना, वाटणी होताना किंवा कुटुंब मुंबईस स्थलांतर करताना ते रद्दीत जाण्याचा संभव सर्वाधिक असतो. कागद देऊन टाकण्याची इच्छा नसल्यास त्यांच्या प्रती व सूची जवळच्या ग्रंथालयात ठेवता येतात. मालकी घराची व माहिती सर्वांची, ही विभागणी दक्षिण कोकणासारख्या विखुरलेल्या संग्रहांच्या प्रदेशात विशेष उपयुक्त आहे.